इमारत नको, ओघ हवा



वार्षिक सभेत एक मागणी दर दोन-तीन वर्षांनी हटकून निघते. कारखान्याने स्वतःचे डोळ्यांचे हॉस्पिटल काढावे. मागणी करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, टाळ्याही पडतात. मग कोणी जागा सुचवतो, कोणी नाव सुचवतो, आणि टनामागे दोन रुपये कापले तर किती वर्षांत इमारत उभी राहील याचा हिशोब मागच्या बाकावर सुरू होतो. आमचे मत वेगळे आहे. डोळ्यांची सोय झाली पाहिजे, ती तातडीने झाली पाहिजे, पण त्यासाठी इमारत बांधणे हा शेवटचा मार्ग आहे, पहिला नव्हे. असे का म्हणतो ते सविस्तर मांडतो. पटले तर घ्या, नाही पटले तर सभेत बोला.

सुरुवात घाटाखालून करू. आपल्या कित्येक सभासदांची मुले नोकरीनिमित्त पनवेल, पेण, नागोठणे, रोहा, धाटाव या पट्ट्यात आहेत. म्हातारी माणसे पावसाळा संपला की मुलाकडे जातात, आणि येताना डोळ्याचे ऑपरेशन करूनच येतात. "इकडं दिसंना झालं होतं, तिकडं जाऊन भिंग बसवून आलो," असे सांगणारे आपल्या प्रत्येक गटात दोन-चार तरी सापडतील. आपल्याला साखर कारखाना आहे, शाळा-कॉलेजे आहेत, उसाचा पैसा आहे. पेण-रोह्याकडे आपल्यासारखा उसाचा पट्टा नाही. तिथे भात आहे, खाडीकाठची खारजमीन आहे, आणि पेणला 'कारखाना' म्हटले की गणपतीचा कारखाना. मग आपले म्हातारे डोळ्यासाठी तिकडे का जातात, हा प्रश्न आपण विचारायला नको काय?

उत्तर शोधले तर असे दिसते. पेण आणि रोहा इथे मोठे, नावाजलेले डोळ्यांचे हॉस्पिटल गावोगाव उभे राहिले म्हणून सोय झाली असे नाही. दोन्ही ठिकाणी सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. पण मुख्य गोष्ट अशी की पनवेलला लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट, शंकरा यांसारखी फक्त डोळ्यांचेच काम करणारी रुग्णालये वाढली, आणि तिथपर्यंत पोचायला रस्ता व रेल्वे होती. मुंबई-गोवा रस्ता पेणवरूनच जातो. रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ साली आली, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे रोह्याच्या पुढे थेट दक्षिणेला निघाली. रोहा ते पनवेल हे अंतर रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस तपासून संध्याकाळी घरी येतो. म्हणजे तपासणी जवळ, शस्त्रक्रिया एका मोठ्या ठिकाणी, आणि मध्ये धावणारे वाहन. या तीन गोष्टी जुळल्या की गावात हॉस्पिटल नसतानाही गावाला दृष्टी मिळते.

पेणच्या गणपतीचेच घ्या. हमरापूर, जोहे या गावांत घराघरांतून मूर्ती होतात. माती कालवणारा वेगळा, साचा भरणारा वेगळा, रंग देणारा वेगळा. पण डोळ्यांची आखणी करणारा हात निराळाच. त्या कारागिराची चाळिशी सुरू झाली आणि चष्मा वेळेवर मिळाला नाही तर हातातली कला हातातच राहते. त्याला लागतो काय? एक तपासणी आणि एक साधा चष्मा. त्यासाठी कुठलाही ऑपरेशन थिएटर लागत नाही. डोळ्यांच्या कामाचा मोठा भाग हा असा साधा असतो, हे आधी ध्यानात घ्यावे.

मागे वळून पाहू

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुताच्या नावावर असलेल्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. पण ती रीत म्हणजे पिकलेले भिंग सुईने आत ढकलून बाजूला सारणे. उजेड दिसायचा, पण भिंग डोळ्यातच राहायचे आणि पुढे कित्येकांचा डोळा जायचा. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत फ्रान्सच्या जॅक डेव्हिएल या डॉक्टरने १७४७ साली सुरू केली.

आपल्याकडे घाटावरच्या लोकांना डोळ्यांच्या ऑपरेशनची ओळख झाली ती मोठ्या प्रमाणात मिरजेमुळे. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल तिथे १८९४ साली सुरू झाले. त्यानंतर पाऊणशे वर्षे मिरज म्हणजे ऑपरेशनचे गाव असा लौकिक होता. मुंबईत जे. जे. च्या आवारात डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय होते. मधल्या सगळ्या मुलखाला मात्र जवळ काही नव्हते. ही पोकळी शिबिरांनी भरून काढली. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी १९४० च्या दशकापासून गावोगाव हिंडून शिबिरे घेत. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनीज बुकात गेली. जुन्या सभासदांना आठवत असेल, शाळेच्या वर्गात पेंढा टाकून, वर सतरंज्या अंथरून माणसे ओळीने झोपवलेली असायची, दोन्ही बाजूंनी डोके हलू नये म्हणून वाळूच्या पिशव्या. आठवडाभर हलायचे नाही. मग मिळायचा तो जाड चष्मा, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा, दहा नंबरच्या आसपासचा. तो चष्मा फुटला किंवा बैलगाडीत राहिला की माणूस पुन्हा आंधळा. ऑपरेशन झाले, दृष्टी आली, आणि एका फुटक्या काचेपायी ती गेली, असे हजारो झाले.

हा जाड चष्मा गेला तो डोळ्याच्या आत भिंग बसवण्याच्या शोधामुळे. लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते पहिल्यांदा केले. महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, पण डोळा त्यांच्याशी भांडत नाही, हे त्यांनी हेरले होते. त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढले. पुढे १९६७ साली अमेरिकेच्या डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून लहान छेदातून ओढून घेण्याची रीत आणली. आज लोक जिला 'बिनटाक्याचे' म्हणतात ती हीच, किंवा हाताने केलेल्या लहान छेदाची. माणूस सकाळी जातो, दुपारी घरी येतो.

पण भिंग होते महाग, परदेशी. ते गरिबाच्या आवाक्यात आले ते मदुराईमुळे. तिथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, भाड्याच्या घरात ११ खाटांचे अरविंद रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी ऑपरेशने केली आणि करायला शिकवले. १९९२ साली त्यांच्याच संस्थेने भिंगांचा कारखाना काढला आणि आयात भिंगाच्या किमतीच्या लहानशा अंशात भिंग मिळू लागले. याच १९७६ साली केंद्र सरकारने अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला. त्या सातांत महाराष्ट्र होता.

महाराष्ट्राचा स्वतःचा दाखला म्हणजे डॉ. तात्याराव लहाने. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा. १९९५ साली आईने मूत्रपिंड दिले म्हणून जगला, आणि पुढे जे. जे. रुग्णालयातून व आनंदवनापासून खेड्यापाड्यांतल्या शिबिरांतून त्यांनी लाखाच्या वर मोतीबिंदू काढले. २००८ साली पद्मश्री मिळाली. सरकारी रुग्णालयात, सरकारी पगारावर हे झाले, हे विशेष.

हिशोब उसासारखाच

आता मुख्य मुद्द्याला येतो. या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट ठळक दिसते. डोळ्यांचा दवाखाना इमारतीवर वाढत नाही, पेशंटच्या ओघावर वाढतो. हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? कारखान्याची मशिनरी कितीही चांगली असली आणि गव्हाणीत ऊस नसला, तर 'नो केन' म्हणून तास वाया जातात, बॉयलर पेटता ठेवावाच लागतो, पगार द्यावेच लागतात, आणि साखरेचा पोत्यामागचा खर्च वाढतो. डोळ्यांच्या थिएटरचे तसेच आहे. मायक्रोस्कोप, भिंग मोजण्याचे यंत्र, निर्जंतुकीकरणाची सोय, शिकलेल्या परिचारिका, हे सगळे दिवसाला दोन ऑपरेशने झाली तरी तेवढेच लागते आणि वीस झाली तरी तेवढेच.

मदुराईला त्यांनी काय केले? दोन टेबले शेजारी ठेवली. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या माणसाची तयारी झालेली असते. एक संपले की डॉक्टर वळतात आणि दुसरे सुरू. आपल्या यार्डात गाड्यांचा नंबर लावून ठेवतात तो याचसाठी ना? आणि पैशाचे म्हणाल तर ज्याला परवडते तो पैसे देतो, त्यातून ज्याला परवडत नाही त्याचे होते. डॉक्टर तोच, काळजी तीच. फरक पडतो खोलीत आणि खाटेत. दोन एकरवाल्याचा ऊस आणि वीस एकरवाल्याचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो आणि भाव एकच मिळतो, हे आपण सहकारात शिकलो. तेच इथे.

दुसरी गोष्ट हाताची. रोज पंधरा-वीस डोळे करणारा हात आणि महिन्याला पाच करणारा हात यात फरक पडणारच. मोळी बांधणारी टोळी जुनी असली की तोड स्वच्छ पडते, हे मुकादमाला विचारा. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या कार्यक्षेत्रातून निघणारा पेशंट एका चालत्या, भरलेल्या थिएटरकडे पाठवणे हे आपल्या आवारात अर्धे रिकामे थिएटर बांधण्यापेक्षा पेशंटच्याच फायद्याचे आहे. इमारतीला आपले नाव लागेल, कबूल. पण डोळा कोणाचा?

कोणी म्हणेल, प्रवरेने हॉस्पिटल काढले, कऱ्हाडला कृष्णेचे झाले, मग आपण का नाही? त्यांनी काढले ते सर्व रोगांचे, मोठ्या पसाऱ्याचे, आणि पुढे त्याला वैद्यकीय शिक्षणाची जोड मिळाली. त्याबद्दल त्यांना मानाचा मुजरा. पण सहकारात एकाने केले म्हणून दुसऱ्याने केलेल्या, आणि आज कुलूप लागलेल्या इमारती किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

मांडवातले ऑपरेशन नकोच

दुसरी मागणी येते ती शिबिराची. अध्यक्षांच्या वाढदिवसाला शिबिर, मांडव, बॅनर, हार. तपासणीचे शिबिर जरूर घ्यावे. पण शाळेत किंवा मांडवात ऑपरेशन, हे आता कधीही नको. १९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जा इथे एका शिबिरात ऑपरेशन झालेल्या बहुतेकांचे डोळे जंतुसंसर्गाने कायमचे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९८९ साली निकाल लागला, नुकसानभरपाईही ठरली. भरपाईने डोळा येत नाही. तेव्हापासून रीत बदलत गेली. आता पेशंट गावात तपासायचा आणि ऑपरेशनसाठी गाडीतून रुग्णालयात न्यायचा. हीच रीत बरोबर आहे.

आणि ऑपरेशन झाले म्हणजे काम संपले असे नाही. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पट्टीमागचा डोळा कोणी पाहतो की नाही, चष्म्याचा नंबर कोणी काढून देतो की नाही, यावर सगळे आहे. शिबिराचा फोटो छापून येतो तो पहिल्या दिवसाचा. महिन्याने तपासायला गाडी पाठवतो तो खरा.

आपल्या रानातले धोके

मोतीबिंदूबद्दल एक जुनी समजूत अजून गेली नाही: 'पिकू द्या, मग काढू.' ऊस पक्व झाल्याशिवाय तोडू नये हे खरे, उतारा पडतो. पण मोतीबिंदूला ते लागू नाही. पूर्वीच्या रीतीला पिकलेला लागायचा, आताच्या रीतीला लागत नाही. उलट फार पिकला तर कडक होतो, काढायला अवघड जातो, डोळ्यातला दाब वाढून डोळा दुखायला लागतो. रोजच्या कामात अडचण वाटायला लागली की दाखवावे. उभा राहिलेला ऊस एप्रिल-मेमध्ये वाळून वजन घालवतो, तसेच हे.

काचबिंदूची गोष्ट वेगळी आणि वाईट. तो बहुधा न दुखता, कडेकडेने दृष्टी खातो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब तपासून घेणे एवढाच उपाय. ज्यांना साखरेचा, म्हणजे मधुमेहाचा त्रास आहे त्यांनी दृष्टी चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. आपण साखर पिकवणारी माणसे. या साखरेचा हिशोबही ठेवला पाहिजे.

सगळ्यात दुर्लक्षित धोका मात्र आपल्या फडातलाच आहे. उसाचे पान करवतीसारखे असते. तोडताना, पाचट काढताना ते बुबुळाला घासते. पहिल्या दिवशी नुसते खुपते, माणूस डोळा चोळून कामाला लागतो. मग लाली, पाणी, उजेड सहन न होणे, आणि बुबुळावर पांढरा ठिपका. अशा जखमेत बुरशी वाढते. कोणी तूप घालतो, कोणी दूध. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून विचारून आणलेले थेंब. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली एकदम कमी होते, माणसाला बरे वाटते, आणि आत बुरशी मोकाट सुटते. डोळा जातो तो असा. भाताच्या रानात, म्हणजे पेण-रोह्याकडेही, लोंबीच्या काट्याने हेच घडते. पान लागून डोळा दुखला तर कुठलाही थेंब स्वतःच्या मनाने न घालता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी चुन्याची आठवण ठेवावी. रस स्वच्छ करायला चुना लागतो. त्याची निवळी डोळ्यात उडाली तर पहिले औषध म्हणजे स्वच्छ पाणी, आणि तेही पंधरा-वीस मिनिटे सतत. डॉक्टर नंतर. गाडी शोधण्यात वेळ घालवू नये, आधी नळाखाली डोके धरावे. धाटावच्या रासायनिक कारखान्यांतल्या आपल्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

मग करायचे काय

देशात अंधत्वाचे प्रमाण २००६-०७ च्या पाहणीत लोकसंख्येच्या १ टक्का होते, २०१५ ते २०१९ च्या पाहणीत ०.३६ टक्के निघाले. मोजण्याची व्याख्या मधल्या काळात बदलली, तरी काम झाले हे निश्चित. पण पन्नाशीपुढच्या अंधांत अजून साधारण तीनपैकी दोघांचे कारण मोतीबिंदूच आहे. म्हणजे ज्याला उपाय आहे त्यानेच माणसे आंधळी आहेत. अडते ते कुठे? सोबत न्यायला माणूस नसतो, दिवस मोडतो, सून-मुलगा कामावर, म्हातारी म्हणते, "आता किती दिवस राहिलेत, कशाला खर्च?" ही अडचण इमारतीने सुटत नाही. ती गाडीने सुटते.

म्हणून संचालक मंडळापुढे आमच्या सूचना अशा. एक, प्रत्येक गट ऑफिसात महिन्यातून एक दिवस डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वारी व्हावी. वार बदलू नये, पाहुणे बोलावू नयेत. दोन, चांगले चालणारे एक रुग्णालय पाहून त्याच्याशी लेखी करार करावा, त्यात ऑपरेशननंतरच्या तीन तपासण्या आणि चष्मा लिहून घ्यावा. तीन, ने-आण कारखान्याच्या गाडीने. चार, ज्या सभासदाला परवडते त्याने खर्च द्यावा आणि ज्याला परवडत नाही त्याचे कारखान्याने करावे. कोण कशात बसतो हे गटाच्या कमिटीने ठरवावे, पुढाऱ्याच्या चिठ्ठीने नव्हे. पाच, आणि हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ऊसतोडणी कामगारांना यात पहिल्या दिवसापासून घ्यावे. ते सभासद नाहीत हे खरे. पण दर हंगामात बीड-नगरकडून येऊन पहाटे थंडीत आपला ऊस तोडतो तो कोयता त्यांचा आहे, आणि पान लागते ते त्यांच्या डोळ्याला. टोळीच्या कोप्यांवर हंगामात दोनदा तपासणी झाली, आणि चिटबॉयला एवढे सांगितले की लाल डोळ्याचा माणूस दिसला तर कळव, तरी काही डोळे वाचतील.

सहावी सूचना खर्चाची नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान करता येते. घरच्यांची संमती आणि वेळेवर एक फोन लागतो. फूल पडून दृष्टी गेलेल्याला दुसऱ्याच्या बुबुळावाचून उपाय नाही. प्रत्येक गट ऑफिसच्या भिंतीवर जवळच्या नेत्रपेढीचा नंबर रंगवून ठेवावा.

पेण-रोह्याच्या माणसाला जी सोय रेल्वे आणि रस्त्याने दिली, ती आपल्याला आपल्या गाड्या देऊ शकतात. हंगामात शेकडो वाहने आपण मिनिटाचा हिशोब ठेवून फिरवतो. त्यातले एक आठवड्यातून एकदा म्हाताऱ्यांसाठी फिरले तर गाळपाला खोट येणार नाही. इमारतीचा विचार पुढे होईल, ओघ तयार झाला आणि गरज दिसली तर. या वर्षीच्या सभेत इमारतीचा ठराव मांडणाऱ्यांनी त्याऐवजी गाडीचा ठराव मांडावा, आम्ही त्याला अनुमोदन देऊ.